वीतभर उंचीची कैफियत

श्री. वाकल्या पाठीस प्रथम वंदन. धनीसाहेब, राज्याची माणसे आपण मोडलीत. परचक्र आले नाही, पटकी आली नाही, आपणच मोडलीत. कैसे, ते ऐकावे.

शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, राज्यात पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना जोरात चालत होता. तेथे हौसाबाई ठोंबरे गुडघाभर ओट्यावरला पत्रा वाकोन उचली आणि खांद्याइतक्या उंच यंत्रात सारी, आणि पुन्हा वाके, ऐसा दिवस सरे. ओटा थोरल्या धनीसाहेबांनी स्वहस्ते बांधिला, सबब त्यास कोणी हात लावू नये ऐसी चाल. मग बाईची कंबर धरली, खांदा उतरला, आणि उपवर लेक पारू, तिची वेणी घालावयास हात वर जाईना. पारू म्हणाली, "आये, राहू दे. कापूनच टाकते केस." ते बाईच्या काळजास लागले. मग ती कारभाऱ्यांकडे गेली, "दादा, ओटा वीतभर उचला. दुसरं काय मागत न्हाई." कारभारी बोलिले, "थोरल्यांचा ओटा कसा उचलू? तूच जरा बुटकी जन्मायचीस!" मंडळी हसली. बाईही हसली, आणि मग मोरीत जाऊन रडली.

पुढे दुखण्यांचा बोभाटा वरच्या सरकारदरबारी गेला, आणि तपासनीस नेमिले, की कोणाची पाठ किती वाकते, हात किती ताणतो, ते पाहोन इजा टाळावी. कारभाऱ्यांनी पाहणीस दिवस दिला खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारांची पूजा, कामास कोणी हात लावीत नाही. यंत्रांस झेंडूच्या माळा, माणसे नव्या कपड्यांत ताठ उभी. तपासनिसांनी पेढे खाल्ले आणि फीत काढिली. हौसाबाई म्हणाली, "सायेब, काम चालू आसताना या की. आज समदी देवापुढं उभी हाईत." कारभारी खेकसले, "सणासुदीचं रडगाणं नको!" आणि तपासनिसांनी लिहिले, कोणी वाकत नाही, पाठी सरळ, बंदोबस्त उत्तम.

दुसरे दिवशी दसरा. धनीसाहेबांस सोने द्यावयास माणसे घरच्यांसह आली. हौसाबाईने आपट्याचे पान हाती ठेविले, पाया पडावयास वाकली, आणि उठेना. कळ ऐसी गेली की वाचा बसली. धनीसाहेब सद्गदित जाहले, "पाहा, काय ही निष्ठा!" आणि टाळ्या पडल्या. तो पारू गर्दीतून धावली, "आवं, पाया पडत न्हाई ती! अडकलीया! उचला तिला!" मग चौघांनी बाई तैसीच वाकलेली उचलोन घरी नेली.

तात्पर्य, हौसाबाई अंथरुणास खिळली, पारूने केस कापले, आणि आईच्या जागी आज त्याच ओट्याशी तीच वाकते. ओटा होता तेथेच आहे. धनीसाहेब, वीतभर का उचलिला नाहीत? उत्तर द्या. गादीवरोन नको. त्या ओट्याशी या, वाका, एक पत्रा उचला, आणि मग द्या.