शेगोकार ड्रेसर आणि दोन डायनासोर

रुजू होण्याचा कागद घेऊन मी त्या ग्रामीण रुग्णालयात शिरलो, तेव्हा पहिल्या भेटलेल्या माणसाने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि आपल्याकडे नाव-गाव झाल्यावर हळूच जे विचारतात तेही विचारलं नाही. त्याच्या हातात चिमटा होता, चिमट्यात औषधाने पिवळा झालेला बोळा, आणि समोर स्टुलावर एका म्हातारीचा सुजलेला पाय. मान वर करून तो म्हणाला, "टीरेक्स आन् जिगानोटो, दोघाईची कुस्ती लागली तं कोन जिकीन?"

मला वाटलं, जत्रेतल्या पैलवानांची टोपणनावं असतील. उगाच अंगाशी यायला नको म्हणून मी दुसरं नाव घेतलं. म्हातारी माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहून म्हणाली, "काऊन जिगानोटो म्हनलं, साहेब? आता भाऊ तुमाले दिवसभर सोडत नाई."

म्हातारीचं खरं ठरलं. संध्याकाळी माझी खोली लावायला म्हणून हा गृहस्थ आला आणि ट्रंकेवर बसून टी-रेक्सची बाजू मांडून गेला. खोली मी एकट्यानेच लावली.

प्रल्हाद शेगोकार हे त्यांचं नाव. हुद्दा ड्रेसर, वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, पण एप्रन असा कडक इस्त्रीचा की माणसाआधी तोच खोलीत शिरायचा. मी औषध निर्माता, म्हणजे लोकांच्या भाषेत गोळ्यावाला. मी देऊळगाव राजाकडचा, त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याची ती 'मले-तुले' सुरुवातीला कानाला खटकायची. पुढे अकरा वर्षं आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना काढली. त्या काळात मी ही लढत इतक्या वेळा ऐकली की आजही कुणी 'डायनासोर' म्हटलं की मला आयोडीनचा वास येतो.

त्यांचं सगळं ज्ञान एका पुस्तकातलं होतं. पुस्तक लहान मुलांचं, रंगीत चित्रांचं, आठवडी बाजारात जमिनीवर मांडून विकतात तसलं. त्याला खाकी कव्हर घालून ते ड्रेसिंगच्या ट्रॉलीत पट्ट्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलेलं असे. पण त्या ज्ञानावर शेगोकारांनी स्वतःचा धंदा चढवला होता. टी-रेक्सचा जबडा हाड फोडणारा, म्हणजे ती चेंगरल्याची जखम. जिगानोटोचे, म्हणजे पुस्तकातल्या जिगानोटोसॉरसचे, दात सुरीसारखे, म्हणजे कापल्याची. "कापलेल्याले टाके पडते," ते म्हणायचे, "चेंगरलेल्याले देवबी शिवू शकत नाई." असं म्हणताना समोर बसलेल्याचं बोट बहुधा मळणीयंत्रात चेंगरलेलं असे, आणि तो पांढराफटक पडत असे.

त्यांचा नियम एकच. तुम्ही ज्याची बाजू घ्याल त्याच्या विरुद्ध ते. तुम्ही बाजू बदलली की तेही बदलणार. 'दोघंही मरतील' हे उत्तर त्यांना चालत नसे. असं म्हणणाऱ्याची चिकटपट्टी ते एका झटक्यात, केसांसकट काढत. तालुक्याचे एक पुढारी बसायच्या जागी गळू झालं म्हणून आले होते. त्यांनी पालथं पडल्या पडल्या सांगितलं की आपण वरिष्ठांशी बोलून बाजू ठरवू. शेगोकारांनी मला नंतर सांगितलं की गळवात पू कमी होता, बाकीचा माणसातच राहिला.

आता कापसाबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या दवाखान्याचे दिवस कापसावर चालत. बीटी बियाणं नवं आलं तेव्हा गावोगाव गाड्या फिरवून सांगितलं होतं की फवारणीचा पंप आता माळ्यावर टाका. लोकांनी टाकला. काही वर्षांनी बोंडात गुलाबी अळी दिसू लागली. तिने ती घोषणा ऐकलेली नसावी. पंप माळ्यावरून खाली आले, औषधं आधीपेक्षा जहाल आली, आणि एका वर्षी तर कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. नळी वर धरून फवारायचं, आणि वर गेलेलं सगळं तोंडावर घ्यायचं. ज्याचं शेत तो बांधावर, ज्याच्या पाठीवर पंप तो रोजंदारीचा. दुपारपर्यंत सदरा भिजून अंगाला चिकटायचा आणि संध्याकाळी तो माणूस आमच्याकडे यायचा. तोंडाला लाळ, हातापायांना कंप, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

त्या मोसमात एका कंपनीचा प्रतिनिधी वॉर्डात आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बरोबर फोटो काढणारा. विषबाधा होऊन पडलेल्या प्रत्येकाला त्याने एकेक मास्क दिला. शेगोकारांनी त्याला दारातच गाठलं आणि आपला प्रश्न टाकला. त्याने दोघांचीही माहिती नीट ऐकून घेतली आणि म्हणाला, "दोन्हीही चांगले आहेत. जमिनीवर अवलंबून आहे."

शेगोकारांनी बाजूला सरून त्याला वाट दिली. अकरा वर्षांत त्यांच्याशी न भांडता सुटलेला तेवढा एकच माणूस मी पाहिला.

ह्या फवारणीच्या पेशंटांशी मात्र ते वेगळे वागत. ड्रेसिंगची वेळ संपली की घरी जायचं सोडून त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढत आणि लढत लावून देत. उलट्या करून गळालेल्या माणसाला ते विचारत, जिगानोटोच्या हाताला बोटं तीन, टीरेक्सच्या दोन, मग टीरेक्स पकडणार कशानं? तो बिचारा डोळे मिटून घ्यायचा. हे खांदा हलवायचे. शेवटी चिडून तो काहीतरी बोलायचाच. दुसऱ्या दिवसापर्यंत शेजारच्या खाटाही भांडणात उतरत. मला तो निव्वळ छळ वाटायचा. मी एकदा तसं म्हणालोही. ते म्हणाले, "छळच हाय. बरा झाला का शिव्या देईन."

मग पुण्याकडच्या एक डॉक्टर बाई आल्या. वयाने लहान, कामाला चोख. त्यांना हा प्रकार पहिल्या दिवशीच नापसंत पडला. राऊंड चालू असताना त्यांनी भर वॉर्डात शांतपणे सांगितलं की हे दोन प्राणी एकाच काळात नव्हतेच. एक दुसऱ्याच्या तीन कोटी वर्षं आधी संपला, आणि ते वेगवेगळ्या खंडांवर होते. त्यांची गाठ पडणंच शक्य नाही, मग जिंकायचं कुणी?

चार दिवस टी-रेक्ससाठी घसा कोरडा केलेला एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला.

शेगोकार बाईंना अदबीने बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. मी औषधांच्या खिडकीत होतो, मला ऐकू येत होतं. "मॅडम, मले ठाऊक हाय. पुस्तकात लिवलेलं हाय. पर हे पेशंटसमोर नोका सांगू. निकाल लागला का मानूस बोलाचं थांबते."

बाई म्हणाल्या की पेशंटना विश्रांती हवी, वादावादी नको. हे थांबलं नाही तर लेखी विचारणा करीन. शेगोकारांनी मान डोलावली, आणि दुपारी पुन्हा स्टूल घेऊन बसले.

त्या आठवड्यात सुखदेव नावाचा मजूर दाखल होता. डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतला, तिशीचा, अंगाने दांडगा. तिसऱ्या दिवशी तो चांगला सुधारला होता. सलाईन काढलं होतं, भाकर मागत होता. डॉक्टर बाई त्याला उद्या घरी सोडणार होत्या. दुपारच्या वेळी शेगोकार त्याच्याशी भांडत बसले होते, आणि एकाएकी उठून, चप्पल तिथेच टाकून, धावत माझ्या खिडकीवरून बाईंच्या खोलीत गेले. म्हणाले, सुखदेवचा आवाज नाकातून येतोय, टीरेक्स म्हणताना शब्द तुटतोय, आणि उशीवरून मान उचलता येत नाहीये.

बाई आल्या, पाहिलं, आणि लगेच कामाला लागल्या. विष उतरल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मानेचे, मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. कळायला तास उशीर झाला तर माणूस हातचा जातो. श्वासाची नळी घालून, हवेची पिशवी दाबत दाबत त्याला गाडीतून अकोल्याला नेलं. बाई स्वतः सोबत गेल्या. सुखदेव वाचला, हे दहा-बारा दिवसांनी कळलं. लेखी विचारणा काही निघाली नाही.

गाडी गेल्यावर शेगोकार आणि मी फाटकासमोर चहाला बसलो. ते अजून अनवाणीच होते. मी विचारलं की भाऊ, बोलतंच ठेवायचं तर घरचं विचारावं, लेकरांचं विचारावं, शेतीचं विचारावं. हे डायनासोरच कशाला?

ते म्हणाले, घरचं विचारूनच पाहिलं होतं.

आणि मग त्यांनी सांगितलं ते मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी यायच्या आधीच्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ गजानन ह्याच वॉर्डात आला होता. दुसऱ्याच्या वावरात फवारत होता. दोघा भावांत चार वर्षं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा शेगोकारांना ड्युटीवरून सुटायला उशीर झाला आणि गजाननने त्यांची वाट न पाहता अग्नी दिला, एवढंच कारण. तेव्हाच्या डॉक्टरांनी शेगोकारांना खाटेजवळ बसवलं आणि सांगितलं, बोलत राहा, आवाज बदलला की मला हाक मारा.

"आता काय बोलू?" ते म्हणाले. "लेकरायचं विचारलं तं तोंड फिरवे. वावराचं विचारलं तं डोये मिटे. आईचं तं दोघाईच्यानंही निघत नव्हतं. मी गप बसलो. त्याचा आवाज बदलला का नाई बदलला, मले काय कयते? मी आयकलाच नाई."

गजानन तिसऱ्या दिवशी दुपारी गेला.

चहावाल्याने कप उचलून नेले. मी पैसे दिले. शेगोकार पुढे म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी इंजेक्शनाच्या गर्मीनं त्याले भ्रम झाला. चादरीवरून कापूस वेचाले लागला. दोन्ही हातानं, भराभर. टाकाले जागा नाई, खाली पडून राह्यला, म्हनून रडकुंडीले आला. मंग मी उठून एप्रन पुढं धरला."

"भरला त्यानं?" मी विचारलं.

"हाव," ते म्हणाले. "दोनदा रिता करून आना लागला."