कर्णिककाका आणि दोन पाणबुडे कॉम्प्युटर

कर्णिककाकांनी फ्रिज घ्यायचं ठरवलं तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. फ्रिज घरात आला तेव्हा तो चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेला. मधल्या काळात काकांनी ठाण्यापासून कल्याणपर्यंतची एकूण एक दुकानं पालथी घातली. प्रत्येक फ्रिजला कान लावून त्याची घरघर ऐकली, दारं उघडमीट करून पाहिली. एका दुकानातल्या विक्रेत्याचं तेवढ्यात लग्न झालं, त्याला मुलगी झाली आणि बारशाचं आमंत्रण काकांना आलं. काका गेले. दोन वेगवेगळ्या दुकानांतली दोन झबली घेऊन गेले आणि बाळाच्या आईला म्हणाले, "तौलनिक बघा, कुठलं टिकतंय ते."

तौलनिक हा त्यांचा लाडका शब्द. आम्ही नौपाड्यात एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो, त्यामुळे दिवसातून चारदा तरी तो माझ्या कानावर पडायचा. छत्री घ्यायची तर बाथरूममधल्या शॉवरखाली दोन छत्र्या उघडून उभे राहायचे. मिक्सर घेताना दुकानदाराला दोन मिक्सरांत एकाच नारळाची चटणी वाटायला लावली आणि दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना चाटवली. मीही एकदा मूर्खासारखी कुकरबद्दल त्यांचा सल्ला विचारला. सहा महिने आम्ही डाळ पातेल्यात शिजवली. शेवटी सासूबाई स्वतः जाऊन पहिला दिसला तो कुकर उचलून घेऊन आल्या. काका त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

पण माणूस मोठा गोड. बायको गेली तेव्हा मुलगी वैजू सातवीत. तिच्या वेण्या घालण्यापासून पापलेटच्या कालवणापर्यंत सगळं काकांनी एकट्याने केलं. वेणी घालताना उजवी घट्ट की डावी, याचीही तुलना व्हायची म्हणून पोरगी रोज शाळेत उशिरा पोचायची, एवढंच.

वैजूच्या लग्नाचं मात्र हसं झालं. स्थळं येत, काका दोन-दोन मुलांची जोडी लावून तौलनिक बघत. एकाची उंची बरी तर दुसऱ्याची नोकरी. एका मुलाबद्दल मला म्हणाले, "चांगला आहे गं शुभा, पण आवाज जरा जास्त करतो." मी म्हटलं, "काका, जावई बघताय की फ्रिज?" निर्णय काही होईना, मुलं आपापली लग्नं करून मोकळी झाली. वैजू खूष होती. तिला मुळात समुद्राचा नाद लागलेला.

एम.एस्सी.च्या वेळी ती लक्षद्वीपला प्रवाळ बघायला गेली आणि पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला शिकून आली. आमच्या इमारतीत तोवर पाण्याखाली गेलेली फक्त पाण्याची मोटार होती. पुढे दोन-तीन वर्षांत ती यात चांगली तरबेज झाली, आणि नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हा एका गणपतीत तिला मस्कतची नोकरी चालून आली. बुडालेल्या जहाजांची पाहणी करायची. खूप खोल. दिवाळी झाली की रुजू व्हायचं.

जाताना स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर हवा, अशी अट होती. तिच्या एका सीनियरने आपल्याकडचे दोन तिला दिलेले. वापरून बघ, पटेल तो ठेव आणि दुसरा परत कर, म्हणाला. आणि या शहाण्या मुलीने ते दोन्ही बापाच्या हातात दिले!

"बाबा, तुम्हीच निवडा."

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई, काय केलंस हे! आता तू जातेस कसली मस्कतला!"

"अगो शुभाताई, तेवढंच त्यांना बरं वाटेल."

कॉम्प्युटर म्हणजे तरी काय? मनगटावर बांधायचं जाडजूड घड्याळच. पाणबुड्या किती खोल गेलाय, किती वेळ थांबलाय आणि किती सावकाश वर यायचं, हे तो सांगतो. काकांनी मला सोड्याची बाटली आणायला लावून ते समजावलं. खोल पाण्यात सिलिंडरमधला वायू रक्तात मुरतो. माणूस भसकन वर आला, की बाटली उघडल्यावर होतं तसं अंगात होतं. असं म्हणून त्यांनी बाटली हलवून उघडली. माझी साडी भिजली. काका मात्र हसले नाहीत.

दोन कॉम्प्युटरांपैकी एक पिवळा, एक काळा. दुसऱ्या दिवसापासून काका दोन मनगटांवर दोन बांधून हिंडायला लागले. भाजीवाली म्हणाली, "काका, दोन-दोन घड्याळं?" काका म्हणाले, "घड्याळ नाही, कॉम्प्युटर." रिक्षावाल्याने विचारलं, "मग टीव्ही कुठाय त्याचा?"

मग तपासण्या सुरू झाल्या. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून कुठल्याचं बटण नीट दाबलं जातं. चष्मा काढून कुठल्याचे आकडे दिसतात. सेल घरच्या घरी बदलता येतो की कंपनीकडे धाडावा लागतो. एकदा मी विरजण मागायला गेले तर घरात कोणी नाही. हाक मारली तर कपाटाचं दार उघडून काका बाहेर आले. "अंधारात कुठला चांगला दिसतो ते बघत होतो," म्हणाले आणि पुन्हा आत जाऊन बसले.

ठाकुर्लीला नौदलातून रिटायर झालेले एक गृहस्थ राहतात असं कुणीतरी सांगितलं. काका तिकडे तीनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला कळलं, की गृहस्थ नौदलात स्वयंपाकी होते. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. सुरमईच्या दोन कृती घेऊन आले आणि त्या रविवारी आम्हाला दोन्ही खाव्या लागल्या.

त्यांचा जीव जडलेला पिवळ्यावर, कारण पिवळा ओरडायचा. वर यायचा वेग जास्त झाला की शिट्टी मारायचा, असं माहितीपत्रकात लिहिलेलं. काळा मुका. फक्त आकडे लुकलुकवायचा. "पोरीचं लक्ष नसलं तर?" काका म्हणायचे. "तिला ओरडणारंच कोणीतरी हवं."

वैजू परोपरीने समजवायची. "बाबा, एवढ्या खोलवर एका सिलिंडरवर भागत नाही. वायूंच्या वेगवेगळ्या मिश्रणांचे दोन-तीन लागतात. कुठल्या खोलीवर कुठला चालू आहे, हे काळ्याला कळतं. पिवळ्याला एकच येतो. पिवळा घेऊन मी तिथे जाऊच शकत नाही."

"बघू. तौलनिक बघायला हवं."

गणपती गेले, नवरात्र गेलं. घरोघरी फराळाची भाजणी दळून आली आणि मस्कतहून फोन आला. आठवड्याभरात नक्की कळवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतो. वैजू माझ्याकडे येऊन रडली. "ताई, ते नाही म्हणाले असते तर मी भांडले असते गं. हे नाही पण म्हणत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. तरातरा समोर गेले. "काका, फ्रिज नाहीये हा! पोरीचं आयुष्य आहे. कधी संपणार तुमची तुलना?"

काकांनी दोन्ही मनगटांवरचे कॉम्प्युटर सोडून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "रविवारी. विहिरीत उतरवून बघतो, मग सांगतो. तुझा बत्ता देशील का गं?"

आमच्या इमारतीच्या मागे जुनी विहीर होती. पावसाळ्यानंतर गच्च भरलेली. रविवारी सकाळी काकांनी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत दोन्ही कॉम्प्युटर घातले, वजनाला माझा पितळी बत्ता घातला आणि मीटर-मीटरवर गाठी मारलेल्या दोराने पिशवी पाण्यात सोडली. बघता बघता अख्खी इमारत गोळा झाली. तळमजल्यावरच्या म्हात्रे आजी काठी टेकत धावत आल्या.

"कोन परला गो बावीन?"

"कोणी पडलं नाही, आजी. कॉम्प्युटर सोडलेत."

"आनि त्याला पोवाला येतं का?"

पिशवी तळाला टेकली. थोडा वेळ थांबून काकांनी दोर ओढायला घेतला, आणि आयुष्यभर पाणी शेंदलेल्या माणसाने ओढावा तसाच ओढला. सपासप. पिशवी पाण्याबाहेर आली ती किंचाळतच. पिवळा एकसारखा शिट्ट्या मारत होता, काळा मुकाट लुकलुकत होता. पोरंटोरं टाळ्या पिटायला लागली. "जिंकला, पिवळा जिंकला!"

मला वाटलं, आता काका हसतील. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. पिशवी हातात धरून ते नुसते उभे होते.

"म्हणजे ही गेली असती," ते म्हणाले.

"बाबा, असं कोणी येत नाही वर," वैजू त्यांच्याजवळ गेली. "सावकाश यायचं असतं. आणि शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. अंगातला वायू निघून जातो."

"दाखव."

"मी धरू दोर?"

"नको. तू सांग. मी धरतो."

पिशवी पुन्हा तळाला गेली. यावेळी काका वितीवितीने दोर वर घेत होते. वैजू शेजारी उभी राहून घड्याळात बघून सांगत होती, "हळू. अजून हळू. हां, असं." पाचव्या गाठीला ती म्हणाली, "थांबा." काका थांबले. ओला दोर दोन्ही मुठींत घट्ट, कठड्याला पोट टेकलेलं. टाळ्या पिटणारी पोरंसुद्धा कठड्यावरून आत वाकून बघायला लागली. मी काकांच्या बाजूलाच होते, म्हणून मला ऐकू आलं. ते विहिरीत वाकून हलक्या आवाजात म्हणत होते, "थांब हं बाळा. झालंच. मी आहे इथे."

कांद्याच्या पिशवीशी बोलत होते हो! दोन महिने या माणसावर मी किती करवादले होते!

"झाली तीन मिनिटं," वैजू म्हणाली.

पिशवी वर आली. पिवळा ओरडला नाही, काळा लुकलुकला नाही. काकांनी पंच्याने दोन्ही नीट पुसले. पिवळा माझ्या हातात दिला आणि काळा वैजूच्या मनगटाला बांधायला घेतला.

"हाच घे," ते म्हणाले. "त्यांना आजच फोन कर. हाच बरोबर आहे, पहिल्याच आठवड्यात कळलेलं मला."

"पहिल्याच आठवड्यात?" वैजू ओरडलीच. "मग इतके दिवस काय करत होतात बाबा तुम्ही?"

काका पट्ट्याचं भोक शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "इतके दिवस तू घरी होतीस ना गं."