लांबची वायर

ज्या गोष्टींवर सगळं चालतं त्या दिसू नयेत, ही कोणत्याही सुधारलेल्या समाजाची पहिली खूण आहे. गटारं जमिनीखाली असतात, आतडी पोटात असतात आणि घरातली भांडणं दार लावून केली जातात. या तत्त्वाचं सर्वात पुढारलेलं रूप पाहायचं असेल तर हौसेने बदल केलेल्या एखाद्या गाडीचं बॉनेट उघडून पाहावं. तिथे इंजिन असतं. बाकी काही नसतं. वायरी कुठे गेल्या असं विचारणं हे एखाद्याच्या बैठकीत बसून त्याच्या आतड्यांची चौकशी करण्याइतकं अशिष्ट मानलं जातं.

माझा धाकटा भाऊ या क्षेत्रातला जाणकार आहे. त्याच्या मंडळाचे सभासद दर महिन्याला एका मोकळ्या पार्किंगमध्ये जमतात, बॉनेट उघडतात आणि एकमेकांच्या गाडीत काय काय दिसत नाही ते पाहतात. मंडळाची नियमावली मी वाचली आहे. ती थोडक्यात आहे आणि भारदस्त आहे. वायर दिसू नये. दिसलीच तर सरळ दिसावी. वळावीच लागली तर काटकोनात वळावी. वायरी आवळणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचं कापलेलं टोक बोटाला लागू नये (परीक्षक बोट फिरवून पाहतात, मंडळाच्या पेटीत मलमपट्टी असते). रंग काळा. लाल वायर म्हणजे गाडीत वीज आहे याची जाहीर कबुली समजली जाते आणि तिचे गुण कापले जातात. गाडी चालू होण्याबद्दल नियमावलीत उल्लेख नाही. मागच्या मेळाव्यात बक्षीस मिळालेल्या गाड्यांपैकी बहुतेक ट्रकवर चढवून आणल्या होत्या. पहिला क्रमांक मात्र ढकलत आणलेल्या गाडीला गेला. ती कधीच चालू न केल्यामुळे तिच्या इंजिनावर तेलाचा डाग नव्हता, असं निकालपत्रात म्हटलं होतं.

या निकषांवर आमच्या बाबांची गाडी हा गुन्हा होता.

बाबा छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. एका लहानशा कौटुंबिक गाडीत त्यांनी सामान वाहणाऱ्या व्हॅनचं इंजिन बसवलं, कारण ते इंजिन पडून होतं. (आमच्या घरातल्या पुष्कळ गोष्टींमागे हेच कारण आहे.) इंजिन मोठं आणि जागा लहान, त्यामुळे सायलेन्सरचा तापलेला पाईप वायरींच्या अंगाला अंग लावून जायचा. वायरींचे जोड बाबांनी सुचतील तसे केले होते. कुठे टेप, कुठे जुन्या इस्त्रीची वायर, एका ठिकाणी शॅम्पूच्या बाटलीचं झाकण. उष्णतेचा बंदोबस्त म्हणून इस्त्रीच्या टेबलावरचं चंदेरी कापड फाडून गुंडाळलेलं. प्रत्येक जोडाची ओळख ते एकाच शब्दात करून द्यायचे. "तात्पुरतं आहे." आमचं सगळं लहानपण त्या तात्पुरत्या जोडांवरून सुखरूप पार पडलं.

गाडी तापायची. सुरुवातीला काटा चढू लागला की आई गाडी थांबवायला लावायची आणि उतरून पायी चालू लागायची. यावर बाबांनी उपाय काढला. शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या खाली, त्यांनी एक खटका बसवला आणि तो आईच्या ताब्यात दिला. काटा चढला की ते म्हणायचे, "बघ गं." आई खटका खाली करायची, रेडिएटरचा पंखा लागायचा आणि काटा उतरायचा. पंखा लगेच लागायचा नाही, जरा वेळाने लागायचा. त्याचंही स्पष्टीकरण बाबांकडे होतं. वायर लांबची आहे, वीज पोचायला वेळ लागतो. (आई शाळेत विज्ञान शिकवायची. हा मुद्दा त्या काळात कोणी उपस्थित केला नाही.) आईबाबांचे खटके पुष्कळ उडायचे, पण या खटक्यावरून कधी उडाल्याचं मला आठवत नाही.

या वर्षी बाबा गेले. त्यानंतर आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवू लागली. टेबल मोठं वाटतं, असं कारण तिने दिलं. आम्ही लहान टेबल आणलं. ती त्याच्या शेजारी उभी राहून जेवली. शेवटी तिने माझ्याकडे राहायला यायचं कबूल केलं, पण अट घातली. येईन तर आपल्याच गाडीतून, माझ्या सीटवर बसून. टॅक्सी नको. धाकट्याची गाडीही नको (ती चालू होण्याबद्दल प्रसिद्ध नव्हती). धाकट्याने बाबांची गाडी गॅरेजमधून बाहेर काढली आणि फाटकाशी येईपर्यंत बॉनेटखालून धूर आला. पाइपाला टेकलेल्या वायरींची आवरणं वितळली होती. म्हणजे गाडी नीट झाली तर आई येणार, नाही झाली तर ती तिथेच एकटी, ओट्याशी उभी. इतकं सोपं गणित होतं.

धाकट्याने सूत्रं हाती घेतली आणि त्याच्या मंडळाला परिचित असलेला वायरिंगवाला बोलावला. बॉनेट उघडल्यावर तो हात मागे बांधून, मान खाली घालून उभा राहिला. बाबा गेले तेव्हा घरी भेटायला येणारे लोक उभे राहायचे, अगदी तसाच.

मग काम सुरू झालं, आणि ते किती पद्धतशीर होतं हे सांगायलाच हवं. आधी सगळ्या वायरी काढून अंगणात अंथरल्या. पाइपावर काचेच्या धाग्याची पट्टी भिजवून गुंडाळली (ती हाताळल्यावर घरातले सगळे दोन दिवस खाजवत होते, न हाताळणारेही). पाईप आणि वायरी यांच्यामध्ये पत्र्याचा पडदा उभा केला. वायरींना चकाकती आवरणं घातली, कारण चकाकी उष्णता परतवून लावते. मग चकाकी डोळ्यांत भरते म्हणून त्यांच्यावर काळी आवरणं घातली. मग काळी आवरणं दिसतात म्हणून त्या वायरी चाकावरच्या पत्र्यामागे नेल्या. या शेवटच्या पायरीला फिनिशिंग म्हणतात.

यातल्या पहिल्याच पायरीला, वायरी काढता काढता, वायरिंगवाल्याने मला हाक मारली.

"ताई, ही खटक्याची वायर कोणाकडून करून घेतली होती?"

बाबांनीच केली, मी म्हटलं. बाकीच्या केल्या तशीच.

"छे. हे बघा ना."

मी पाहिलं. त्या वायरीवर काचेच्या धाग्याची नळी होती आणि नळीवर टेपचा एकही वेडावाकडा वेढा नव्हता. ती पत्र्यातून पार होत होती तिथे घासू नये म्हणून रबरी कडं होतं. पाइपापासून ती चांगली वीतभर लांब नेली होती. दर चार बोटांवर चिमटा होता, आणि ती वळत होती ती काटकोनात. संपूर्ण गाडीत मंडळाच्या नियमांत बसेल अशी ती एकमेव वायर होती.

"सगळ्यात छान बांधलीय," वायरिंगवाला म्हणाला, "आणि जात कुठेच नाही. सरकारी काम असल्यासारखी."

रेडिएटरच्या मागे ती संपत होती. टोकाला रबराची टोपी होती. पंखा खटक्याला जोडलेलाच नव्हता. रेडिएटरमधल्या पाण्याचा चटका लागला की आपोआप चालू होणाऱ्या, बोटाएवढ्या एका स्विचवर तो चालत होता, आणि जोडांवरची काजळी पाहता पहिल्या दिवसापासून चालत होता.

मी आणि धाकट्याने गॅरेजच्या मागच्या बाजूला तातडीची बैठक घेतली. बैठकीसमोर आलेली वस्तुस्थिती अशी: आईने एवढी वर्षं, प्रत्येक प्रवासात, काहीही केलेलं नव्हतं. हे तिला कळलं तर ती कोसळेल यावर एकमत झालं. बाबा असं वागले याबद्दल नापसंती नोंदवायची की कौतुक, यावर मतभेद झाले आणि तो विषय पुढे ढकलण्यात आला. ठराव असा झाला की खटका खरोखरच पंख्याला जोडावा, म्हणजे आईने आजवर जे केलं नाही ते ती यापुढे करू लागेल आणि फरक कोणाला कळणार नाही. ठराव मंजूर करताना आम्हा दोघांनाही स्वतःचा फार अभिमान वाटला.

"अहो, पंखा आपोआप लागतोय की," वायरिंगवाला म्हणाला.

"तरी जोडा," धाकटा म्हणाला.

"म्हणजे दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून."

"तुमची गाडी," असं म्हणून त्याने ती वायर जोडली आणि बाकीच्यांबरोबर पत्र्यामागे घालून टाकली. काम पाहायला मंडळाचे तीन सभासद आले. त्यांतल्या एकाचे डोळे पाणावले. बॅटरी कुठे आहे, असं त्याने भारावून विचारलं. ते मला अजूनही माहीत नाही.

ठरल्या दिवशी आई बॅग घेऊन बाहेर आली. तिने सीटवर हात फिरवला, बसली, आणि मी गाडी काढली. गाव ओलांडून चढ लागला. पुढे एक भरलेला ट्रक होता, त्याच्या मागे आम्ही रांगत चाललो, आणि काटा चढू लागला. "बघ गं" हे शब्द माझे नव्हते. मी नुसतीच खाकरले.

आईने खटका खाली केला. पंखा लागला. त्याच क्षणी.

तिने खटका वर केला. पंखा थांबला. पुन्हा खाली, पंखा लागला. पुन्हा वर, थांबला. निष्कर्ष काढण्याआधी प्रयोग तीनदा करावा, असं ती मुलांना सांगायची. तिने तिसऱ्यांदाही केला.

"गाडी बाजूला घे."

मी घेतली.

"हा कोणी जोडला?"

तो आधीपासूनच जोडलेला होता, फक्त आता वायर नवीन आहे, नव्या वायरीतून वीज लवकर येते, असं निवेदन मी केलं. ते करताना मला बाबांचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला.

"मी सातवीला वीज शिकवायचे गं," आई म्हणाली. "वायर लांबची आहे म्हणे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग कशाला करत बसायचीस खाली-वर?"

ट्रक वळणाआड गेला.

"काटा चढला की ह्यांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडायची. मी पायी चालत घरी जाईन म्हणून. मी खटका टाकला की हात सैल व्हायचे."

"अगं, पण ती वायर त्यांनीच तर बांधली होती. कुठे जात नाही हे त्यांना..."

"हो ना," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "बांधली होती का नीट?"

"सगळ्यात नीट."

"हं." तिने पदराने चष्मा पुसला. "काढून टाक ते नवीन जोडलेलं."

मी उतरून बॉनेट उघडलं. तिथे इंजिन होतं. बाकी काही नव्हतं. मी चाकाच्या बाजूने बोट घालून पाहिलं, आरसा धरून पाहिलं, शेवटी धाकट्याला फोन केला आणि वायर सापडत नाही म्हणून सांगितलं. सापडणारच नाही, तो समाधानाने म्हणाला. एका दुचाकीवाल्याने मदतीसाठी गाडी थांबवली, आत डोकावला आणि बाकीचं सामान चोरीला गेलं का, असं काळजीने विचारून निघून गेला. नीटनेटकेपणाचा हा लाभ सहसा कोणी सांगत नाही. सगळं इतकं चांगलं झाकलं जातं की ज्याने झाकलं त्यालाही ते पुन्हा उघडता येत नाही.

"राहू दे," आईने काच खाली करून सांगितलं. "चल तू."

पुढच्या चढावर काटा पुन्हा वर सरकला. आईचा हात खटक्यापाशी गेला आणि तिथेच थांबला. काटा आणखी सरकला. मग इंजिनाच्या घरघरीत पंखा आपला आपण लागला. तो लागल्यावर आईने खटका खाली केला. चालू असलेल्या पंख्याला खटका काही करू शकत नाही. हे मी नंतर वायरिंगवाल्याकडून तपासून घेतलं, अगदी बरोबर आहे.

"हं," ती म्हणाली, "आता सैल सोड हात."

मी खाली पाहिलं. माझी बोटं पांढरी पडली होती.

ती आता माझ्याकडे राहते. आम्ही त्याच गाडीतून बाजारात जातो, आणि ती पंखा लागल्यानंतर खटका टाकते. धाकट्याला यातलं काही सांगितलेलं नाही. आपण आईला सावरलं, अशी त्याची समजूत आहे आणि त्या समजुतीवर त्याची तब्येत सुधारली आहे.

हे वाचताना तुम्हाला आमच्यापैकी कोणाची तरी कीव आली असेल. ते साहजिक आहे. तुमच्या घरात तसं काही नाही. तिथे तुम्ही दोनदा बजावता म्हणून बिलं वेळेवर भरली जातात, तुम्ही हाक मारता म्हणून मुलं उठतात, तुम्ही त्या वेळी मध्ये पडलात म्हणून बहिणीचा संसार टिकला. जरा उशिराने होतं, पण होतं. ते नेमकं कशामुळे होतं याच्या खोलात कृपया शिरू नका. तुमच्या घरच्यांनी इतकी वर्षं चेहरा गंभीर ठेवला आहे, आता त्यांना एकदम हसू फुटलं तर तुम्ही कोणत्या तोंडाने तिथे बसाल?