पारबता मावशीचा रिकामा गुंड

पारबता मावशी रेशन आणायला निघते तेव्हाही तिच्या डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड असतो. रिकामा. मयतीलाही ती गुंड घेऊनच येते. दारात उतरवते, मनसोक्त रडते, पुन्हा डोक्यावर चढवते आणि निघते. घरात नळ येऊन कितीतरी वर्षं झाली.

"हे काहून वो मावशी?" कोणी विचारलं की एकच उत्तर. "डोईवर वजन नसन त मानूस पडते, बाई."

आमच्या करडी गावात तिला पडताना कोणी पाहिलं नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या निसरड्या धुऱ्यावरून ती सरळ जाते आणि मागे आम्ही तरण्या बायका घसरतो. मग वळून म्हणते, "काय वो, हाडं उसनी आनली का?"

मागच्या महिन्यात शाळेत म्हाताऱ्यांची तपासणी झाली. कोण पडू शकतं हे आधीच ओळखायची. नर्सबाईंनी फरशीवर चार काठ्या फुलीसारख्या मांडून चार चौकोन केले. काठीला पाय न लावता एकातून दुसऱ्यात जायचं आणि फिरून परत यायचं. मग एका पायावर उभं राहायचं. मोबाईलवर सेकंद मोजत होत्या.

मावशीच्या मुलानं नागपूरहून बजावलं होतं, नापास झालीस तर घराला कुलूप लावून तुला घेऊन येतो. म्हणून मावशीनं मला सोबत नेलं.

"आजी, गुंड खाली ठेवा."

मावशीनं ठेवला आणि दुसऱ्याच चौकोनात झोकांडी खाल्ली. काठी उडाली. एका पायावर तर तीन मोजेपर्यंतही टिकली नाही. मला काही कळेना. धुऱ्यावरची मावशी हीच ना?

नर्सबाई लिहू लागल्या. मावशी माझ्याकडे बघत होती. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तरी निघाला.

"बाई, गुंड डोक्यावर ठेवून बघा न."

सगळे हसले. मावशीनं मात्र चुंबळ ठेवली, गुंड चढवला, आणि तिची कंबर सरळ झाली. चारही चौकोन फिरून परत आली. काठी हलली नाही. मग एका पायावर उभी राहून म्हणाली, "मोजा बाई. मले घाई नाही."

नर्सबाईंनी कागद उलटून पाहिला. गुंडासाठी रकाना नव्हता. "आता मी काय लिहू?" त्यांनी मलाच विचारलं. शेवटी त्यांनी लिहिलं, पुढच्या महिन्यात पुन्हा.

येताना मी म्हटलं, "मावशी, पन रिकामा काहून?"

"घरी अकरा मानसं होतो. सात खेपा लागत. आता पेनारी मी एकटी. गडवाभर पुरते." तिनं गुंडाला हात लावला. "हे डोईले अजून सांगलं नाही मी."

सकाळी मी आमच्या नळाची तोटी आवळली आणि तिच्या दारात गेले. "मावशी, आमच्याकडे पानी नाही. एक खेप आनून देशीन का?"

"अर्धाच आनीन," ती कुरकुरली. आणला काठोकाठ. माठात ओतताना तिचं लक्ष तोटीकडे गेलं. तोटी थेंब थेंब गळत होती. मी खाली पाहिलं.

मावशीनं पदरानं गुंड पुसला.

"उद्या बी नसन ना पानी?"

"नाही," मी म्हटलं.