सरांचं बोट काळं झालं

कॉलेज सुटल्यानंतर परीक्षानळी पहिल्यांदा हातात धरायची वेळ आली, तेव्हा सुहास सरांचं वय सत्तेचाळीस होतं आणि रसायनशास्त्र शिकवायला लागून त्यांना बावीस वर्षं झाली होती. ही बावीस वर्षं त्यांनी सगळे प्रयोग फळ्यावर केले. फळ्यावर काही फुटत नाही, सांडत नाही आणि भाजत नाही.

तळेगावातल्या दोन दिवसांच्या शिक्षक प्रशिक्षणाचं नाव 'करू आणि शिकवू' असं होतं. त्यातला 'करू' वाचूनच सरांनी मागचा बाक धरला होता. पहिला दिवस त्यांनी तिथंच काढला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, प्रशिक्षक तेजल मॅडमनी त्यांना बरोबर हेरलं.

"सर, तुम्ही या पुढं."

"मी टिपणं घेतोय ना, मॅडम."

"टिपणं पुरेत. सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी टाकायचं आणि हलवायचं."

"फुटणार नाही ना?"

"दह्यासारखं पांढरं होईल, एवढंच. हातमोजे घाला."

खोक्यात एकच हातमोजा उरला होता. तो सरांनी उजव्या हातात चढवला, कारण ओतायचं उजव्या हातानं होतं. नळी डाव्या मुठीत धरली, मिठाचं पाणी ओतलं, डाव्या हाताची तर्जनी नळीच्या तोंडावर दाबली आणि डोळे मिटून हलवली. काही फुटलं नाही. पांढरं झालं. टाळ्या पडल्या.

"बोट लावलंत?" मॅडम दुसऱ्या टेबलावरून म्हणाल्या. "बूच होतं की तिथं! आधी हात धुवा."

सरांनी नळाखाली बोट धरल्यासारखं केलं. बोट अगदी स्वच्छ दिसत होतं. बावीस वर्षांनी प्रयोग जमला, या आनंदात ते घरी गेले.

रविवारी सकाळी ओट्यावर, कोवळ्या उन्हात चहा पिताना त्यांना दिसलं, की तर्जनीचं पेर काळं पडलंय. पहिल्यांदा त्यांना वाटलं, विष भिनलं. दुसऱ्या क्षणी त्यांना आठवलं, की आज मतदान आहे, आणि मग विष परवडलं असं वाटलं.

त्यांची बायको प्रतीक्षा ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीत वॉर्ड तीनमधून उभी होती. समोर भामाबाई. फरक पडला तर पाच मतांच्या आत पडणार, हे पारावरचं शेंबडं पोरही सांगत होतं. प्रतीक्षा सहालाच बाहेर पडली होती आणि जाताना एकच बोलली होती, "पयल्या तासात मत टाकून या. घरचंच मत उशिरा आलं की लोक नाय नाय ते बोलत्यात."

सरांनी साबण लावला. लिंबू चोळलं. भांड्यांची पावडर लावून घासलं. पाय घासायचा दगडही चालवून पाहिला. बोट सोललं, डाग तसाच. उन्हात धरून पाहिलं तर आणखी गडद झाला. शेवटी त्यांनी बोटाला पट्टी गुंडाळली आणि नऊ वाजता शाळेतलं मतदान केंद्र गाठलं.

"पट्टी काढा," टेबलावरचा कर्मचारी म्हणाला. "डावी तर्जनी बघावी लागते."

"लागलंय हो."

"कुटं लागलं, सर?" भामाबाईंचा पुतण्या बाजीराव त्यांचा प्रतिनिधी म्हणून बाकावर बसला होता. "काल सांजच्याला तर चांगलं व्हतं बोट!"

पट्टी निघाली. मग बाजीराव उठून उभा राहिला.

"अरारारा! सरांनी आदीच टाकलंय की एक!"

"यादीत बघा, माझ्या नावापुढं खूण नाही!"

"स्वोताच्या नावावर न्हाईच! मेलेल्या केरबाचं नाव अजून यादीत हाय. त्याच्या नावावर टाकलं असंल!"

यादी पाहिली. केरबाच्या नावापुढंही खूण नव्हती. पण तेवढ्यात रांगेतून बातमी बाहेर पोचली होती. दारापाशी ती 'सरांनी केरबाचं मत टाकलं' अशी होती, फाटकापाशी 'सरांनी चार मेलेल्यांची टाकली' अशी, आणि रस्त्यापलीकडे उभ्या प्रतीक्षाला समजलं, की पोलीस सरांना घेऊन चाललेत. ती धावत आत आली.

"आवो, काय केलंत तुमी?"

"प्रयोग केला."

"आजच्याच मुहूर्तावर सुचला?"

बोगस मतदान म्हणजे गुन्हा, गुन्हा म्हणजे नोकरी गेली. पण नोकरीपेक्षा प्रतीक्षाची नजर वाईट होती.

केंद्राध्यक्ष सत्यम कृषी खात्यातले, शांत गृहस्थ. त्यांनी सरांकडून सिल्व्हर नायट्रेटचं सगळं ऐकून घेतलं. "सर, आमच्या शाईतही तेच रसायन आहे, असं तुम्हीच म्हणताय. मग तुमचा डाग कुठला आणि शाईचा कुठला, कसं ओळखायचं?"

"मॅडमना विचारा," सर पुटपुटले.

केंद्राध्यक्षांनी स्वतःच्या फोनवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, तेजल मॅडमना फोन लावला.

"शाई वरून लावतात, नखावर," मॅडमचा आवाज खोलीत घुमला. "सरांचं नख बघा."

"स्वच्छ आहे."

"आणि पेराच्या आतल्या बाजूला गोल डाग? नळीच्या तोंडाएवढा?"

"आहे."

"मग काल नळीला बोट लावून हलवली, त्याचाच. अहो, आठवीतली मुलंसुद्धा असं करत नाहीत!"

रांगेतल्या पालकांत खसखस पिकली. बाजीराव डोक्याला हात लावून खाली बसला. "माझा पोरगा ह्यांच्याच वर्गात हाय. आता तर जास्तच भ्या वाटाया लागलंय."

नऊ चाळीसला सरांच्या नखावर खरी शाई लागली आणि ते पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले. वरचं बटण प्रतीक्षाचं, शिट्टी. त्याखालचं भामाबाईंचं, कपबशी. सरांनी बोट वरच्या बटणाकडे नेलं.

"सर, हितं तरी बोट नीट लावा!" बाजीराव ओरडला.

हशा उसळला. सर दचकले. बोट एक ओळ खाली उतरलं. यंत्र वाजलं आणि कपबशीपुढचा दिवा लाल झाला.

सर बाहेर आले. प्रतीक्षानं डोळ्यांनीच विचारलं. सरांनी मान हलवली, कशीही समजावी अशी.

सोमवारी वडगावला मतमोजणी होती. साडेअकराला निकाल जाहीर झाला. भामाबाई दोनशे तेरा, प्रतीक्षा दोनशे चौदा.

गुलाल उडाला. कुणीतरी सरांना खांद्यावर घेतलं. "सरांच्या एका मतानं सीट आली!" असा पुकारा झाला. प्रतीक्षानं आपल्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "लोक हसत व्हते, तरी तुमी मागं हटला न्हाई," ती म्हणाली. बाजीरावसुद्धा पुढं आला. "हरलो खरं, पर मानलं तुमाला. एका मतापायी लय सोसलं. बोला, सर, दोन शब्द बोला."

सरांनी मनातल्या मनात हिशेब केला. आपण घाबरून घरी बसलो असतो, तर ती दोन मतांनी आली असती.

सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मतदान," सर सावकाश म्हणाले, "गुप्त असतं, तेच बरं."

टाळ्यांचा कडकडाट झाला.