मेंब्रेनचं पोस्टमॉर्टेम

आमच्या गावात पाण्यातलं मला जेवढं कळतं तेवढं माशालाही कळत नाही! हे मी नम्रपणे सांगतेय. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. गाळणक्रियेचा धडा मी इतका जीव ओतून शिकवायचे, की परीक्षेत अर्धा वर्ग गाळला जायचा!

त्यामुळे आमच्या वसईतल्या विहिरी खारट झाल्या आणि गावाने मिळून आरओ प्लांट बसवला, तेव्हा पाणी कमिटीच्या अध्यक्षपदासाठी दुसरं नाव सुचवायची कोणाची छाती झाली नाही. सुचवलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पहिल्याच सभेत मी सगळ्यांना समजावलं, "मेंब्रेन म्हणजे प्लांटचा जीव! पापुद्र्यांची घट्ट गुंडाळी. तिच्यातून पाणी जातं, मीठ मागे राहतं. पण मेंब्रेनवर घाणीचा थर बसला, की तो चोक होतो. आणि तो थर बसू देणारा माणूस गावाचा शत्रू!"

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात आमच्या ह्यांनी वाजवल्या.

प्लांट चालवायला शत्रुघ्न होता. खाडीकडच्या गावचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. माणूस चांगला, पण एकच दोष.

"टीचर, टाकीतला पानी गढूल येतंय."

"पाणी, शत्रुघ्न. ण! बाणातला ण!"

"हो टीचर. पन गढूल येतंय."

विहिरीचं पाणी आधी एका मोठ्या झाकलेल्या टाकीत पडायचं आणि तिथून मशीनमध्ये जायचं. मी झाकण उघडून पाहिलं. खरंच, ताकासारखं पाणी! आता गढूळ पाण्यावर उपाय काय? तुरटी! हे पाचवीतलं पोर सांगेल. मी तुरटीची पूड करून मूठभर टाकली. दुसऱ्या दिवशीही गढूळ. दोन मुठी टाकल्या. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. मी पातेलंभर टाकली!

"टीचर, तुरटी लय होते," शत्रुघ्न म्हणाला. "खाली बसली तर ठीक. जास्तीची जाऊन मेंब्रेनवर बसंल."

"तू आता मला रसायनशास्त्र शिकवणार?"

त्याने नोंदवही उघडून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, पटलं त्याला.

दोन महिन्यांत प्रेशरचा काटा माडावर चढणाऱ्या माणसासारखा सरसर वर गेला आणि नळाची धार सुईत ओवता येईल एवढी बारीक झाली. शनिवारी ती बंदच पडली. बाहेर कॅन घेऊन सत्तर माणसं रांगेत! सगळे माझ्याकडे बघतायत. अशा वेळी अध्यक्षाने काय करावं? मी जे केलं ते सगळेच अध्यक्ष करतात.

"शत्रुघ्न, हे तुझ्या निष्काळजीपणामुळे झालं! उद्यापासून येऊ नकोस!"

त्याने चावी टेबलावर ठेवली. फक्त म्हणाला, "टीचर, फेकू नका त्याला. कापून बगा. आत काय बसलंय ते कललं पायजे."

ही सूचना मला इतकी आवडली की मी ती लगेच स्वतःची म्हणून कमिटीला सांगितली. मेंब्रेन टेम्पोत घालून कामणला पाठवला. तिथे एक कंपनी चोक झालेले मेंब्रेन उभे चिरून आतला गाळ तपासते.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. फर्डिनंड कोणे एके काळी ग्रामपंचायतीचे मेंबर होते. पुढे ग्रामपंचायत गेली, महानगरपालिका आली, पण ह्यांचं 'मेंबर' काही गेलं नाही. पोस्टमनसुद्धा मेंबर म्हणूनच हाक मारतो. सोमवारी सकाळी हे मेंबर अर्नाळ्याला बहिणीकडे, लिडियाकडे गेले आणि मोबाइल घरीच विसरले.

मी अंगणातून कामणला फोन लावला. रेंज एवढी वाईट, की फोन न लावता नुसती ओरडले असते तरी चाललं असतं! कुंपणापलीकडे शेजारची प्रिस्का कपडे वाळत घालत होती.

"हॅलो! हो, मेंब्रेन गेला आमचा! चोक झाला! अचानक कुठला? दोन महिने त्रास होता. प्रेशर वाढलेलं! वजन? दुप्पट! हो हो, कापा ना! उभा चिरा! पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट मला आजच्या आज पाहिजे!"

पलीकडे प्रिस्काची कपड्यांची बादली धाडकन पडली. मला वाटलं, वारा.

तिने लगेच गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला: 'आपले मेंबर गेले.' मला तो दिसला नाही. त्या ग्रुपवर शुद्धलेखनाच्या फार चुका असतात म्हणून मी तो सोडलाय. लोकांनी खात्री करायला ह्यांच्या मोबाइलवर फोन केले. तो आत कपाटात वाजत राहिला, कोणी उचलला नाही. झालं! खात्री पटली!

दुपारपर्यंत अंगणात चाळीस माणसं! कोणाच्या हातात मेणबत्त्या, कोणाच्या हातात रोझरीची माळ. मला वाटलं, प्लांटसाठी प्रार्थना करायला आले. गावाचं पाण्यावर किती प्रेम! माझे डोळे भरून आले. ते बघून ज्युली माझ्या गळ्यातच पडली.

"टीचर, कसं झालं हो?"

"चोक झाला."

"बाहेरून तर धडधाकट दिसायचा!"

"बाहेरून सगळेच दिसतात. आतून पार कुजलेला होता."

ज्युलीने हातातली मेणबत्ती सावरली. "बायपास करून बघायचं होतं..."

"केला ना! काही उपयोग झाला नाही."

"आणि आता कुठे आहे?"

"कामणला. टेम्पोत टाकून पाठवला."

"टेम्पोत?"

"मग काय, अँब्युलन्स बोलवू? उगाच रडत बसण्यात अर्थ नाही, ज्युली. मी नवीन मागवलाय. उद्या येतोय!"

प्रिस्काने क्रूसाची खूण केली. "उद्याच?"

"म्हणजे काय! जुन्यापेक्षा मोठा आहे. शिवाय जुन्याला काही दमच राहिला नव्हता."

तेवढ्यात गर्दीतून शत्रुघ्न पुढे आला. दोन दिवसांपूर्वी मी ज्याला हाकललं, तो चपला काढून, हात जोडून माझ्यासमोर उभा!

"टीचर, मेंबर लय चांगला मानूस होता."

"माणूस, शत्रुघ्न," मी सवयीने म्हटलं. आणि एकदम थबकले. मेंब्रेन माणूस कधीपासून झाला?

माझ्या डोक्यात उजेड पडतोय न पडतोय, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. हे उतरले. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. अंगणात गर्दी, मेणबत्त्या, रडणारी ज्युली. आणि मी त्या गर्दीच्या मागे, त्यांना न दिसणारी. ह्यांनी जो समज करून घ्यायचा तो करून घेतला.

"क्लेमी!" पिशवी पडली. "मला सोडून गेलीस गं!"

मेलेला माणूस ओरडत आत आला म्हटल्यावर अंगणात एकच किंकाळी! एक मेणबत्ती प्रिस्काच्या पदराला चाटून गेली, दोघेजण कुंपण ओलांडून पसार. पण ह्यांचं कुठे लक्ष! ते कपाळ बडवत होते.

"मला माफ कर गं! तुझ्यापासून एकच गोष्ट लपवली! टाकीत जिताडे मासे मी सोडले होते!"

मी गर्दी फोडून पुढे आले. "काय सोडले होते?"

मी जिवंत आहे हे बघून त्यांना फार आनंद झाला. पण तो टिकला नाही.

"पिल्लं गं, अर्नाळ्याची. चाळीस," ते पुटपुटले. "नाताळपर्यंत मोठी झाली असती. रोज पेंड आणि कोंडा घालत होतो. पण एकेक मरायला लागलं! कोण मेला टाकीत काय टाकत होता, कळेना."

मेला कोण ते मला कळलं. मी काही बोलणार, तोच फोन वाजला. कामण! "स्पीकरवर लावा!" सगळे ओरडले. चाळीस माणसांचा घोळका आपण मेल्याचं सोडून माझ्या फोनकडे वळला, याचं ह्यांना अजून दुःख आहे.

"मॅडम, रिपोर्ट तयार आहे," पलीकडचा माणूस उत्साहात म्हणाला. "वरचा थर तुरटीचा. एवढी तुरटी मी आयुष्यात पाहिली नाही! खाली बुळबुळीत थर, जिवाणूंचा. पाण्यात पेंड, कुजकं मांस, असलं काहीतरी रोज पडत असणार. पण तुमचा ऑपरेटर कोण आहे हो? मेंब्रेनबरोबर त्याची नोंदवही आलीय, वेळच्या वेळी धुतल्याच्या सगळ्या नोंदी आहेत. तो होता म्हणून दोन महिने निघाले, नाहीतर दोन आठवड्यांत गेला असता. त्याला सोडू नका!"

सगळं स्वच्छ झालं. ह्यांच्या पेंडीने पाणी गढूळ, म्हणून माझी तुरटी. माझ्या तुरटीने मासे मेले, म्हणून पाणी आणखी गढूळ, म्हणून आणखी तुरटी! नवराबायकोने मिळून इतक्या एकदिलाने केलेलं आमच्या संसारातलं हे पहिलंच काम.

"म्हणजे आम्ही दोन महिने मेलेल्या माशांचं पाणी पीत होतो?" ज्युलीने विचारलं.

मेंब्रेन सगळं अडवतो, हा धडा मी त्या दिवशी गाळला. शत्रुघ्नकडे वळले. एकतीस वर्षांत न म्हटलेलं वाक्य मी माशाच्या काट्यासारखं जपून बाहेर काढलं.

"शत्रुघ्न, चूक माझी होती. सगळ्यांसमोर तुला बोलले, सगळ्यांसमोर माफी मागते."

"असू द्या, टीचर. चावी द्या, टाकी रिकामी कराला लागंल."

रविवारी सभा झाली. मी उभी राहून म्हणाले, "नैतिक जबाबदारी स्वीकारून मी राजीना..." पुढचं 'मा' म्हणायच्या आत तो मंजूर झाला! टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात कोणी वाजवल्या ते सांगत नाही, घरातलीच गोष्ट आहे.

आता प्लांट शत्रुघ्नच्या ताब्यात आहे. तुरटी घालायची वेळ आली, तर तो आधी चार ग्लासांत पाणी घेऊन प्रत्येकात कमीजास्त घालून बघतो आणि सर्वांत कमी तुरटीत जो ग्लास नितळ होईल, त्याच्याच प्रमाणात टाकीत घालतो. वाळूचा फिल्टर रोज उलटं पाणी सोडून धुतो. धार मनगटाएवढी येते.

मी एकदा घसा खाकरून विचारलं, "शत्रुघ्न, माझ्या ज्ञानाचा काही उपयोग होईल का रे?"

त्याने बराच विचार केला. मग एक कोरा पुठ्ठा आणि जाड पेन माझ्या हातात दिलं. 'टाकीत काहीही टाकू नये' अशी पाटी हवी होती.

"तुमचं अक्षर चांगलं हाय, टीचर."