गुलाबभाऊंची उगवणचाचणी

आमचे शेजारी गुलाबभाऊ नवी छत्री घेतली की आधी ती उघडून अंगणातल्या नळाखाली उभे राहतात. पावसावर त्यांचा भरवसा आहे, छत्रीवर नाही.

दोष त्यांचा म्हणता येत नाही. मागे एका वर्षी दारव्ह्याच्या बाजारात कपाशीचं बोगस बियाणं असं काही सुटलं होतं, की अर्धं शिवार उगवलंच नाही. भाऊंचं उगवलं. ते मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि कोंब दिसले तरच बाकीचं पेरायचे. मग "आधी उगवून पाहू, मंग पेरू" हा कायदा त्यांनी सगळ्या जगाला लावला. पोरीसाठी स्थळ पाहायला गेले, तर नवरदेवाला विहिरीचं पाणी शेंदायला लावलं. पोरगं बिचारं घामाघूम!

अशात भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गप्प झाल्या. एरवी त्यांचा आवाज आमच्या चुलीपर्यंत यायचा. आता दिवसभर भिंतीकडे तोंड. भाऊंसोबत मीही त्यांना यवतमाळला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "उदासीचा आजार आहे. ही गोळी काही आठवडे देऊन बघू. नाही लागू पडली तर बदलू."

"देऊन बघू?" भाऊ उभेच राहिले. "डाक्टरसाहेब, रक्त काढा, काय लागन ते काढा, पन कोनती गोळी लागू पडते ते आधी तपासा ना! माह्या बायकोवर काहून पेरून पाह्यता?"

"तशी चाचणी शोधणं चालू आहे. भरवशाची अजून हाती नाही."

"बियाले हाये अन् मानसाले नाई!" जीपमध्ये दारव्ह्यापर्यंत हेच. शेवटी मीच वैतागलो, "अहो, पण गोळी तर द्या त्यांना!"

दिली. पण चाचणी स्वतःची काढली. चहात साखर चिमूटभर कमी पडली तरी वहिनी घर डोक्यावर घ्यायच्या. म्हणून भाऊ रोज सकाळी बिनसाखरेचा चहा करून त्यांच्यापुढे ठेवू लागले. वहिनी मुकाट पिऊन टाकत. भाऊही तसलाच पीत समोर बसत, आणि शेजारधर्म म्हणून मलाही तेच कडू पाणी मिळे. पहिली गोळी काही उगवली नाही. डॉक्टरांनी दुसरी दिली. चहा तोच.

एका सकाळी वहिनींनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चायमंधी साखर काहून नाई? जीभ मेली काय तुमची?"

भाऊंनी साखरेचा डबा आणला.

"अजून बोल," ते रडत म्हणाले. "बोल मले."

मी उठून घरी आलो. वहिनींचा आवाज आमच्या चुलीपर्यंत येत होता.